भागाबाईच्या गाण्याचं भाषांतर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? — आता पोटात मावत नाही, म्हणून.

मी सौंसरला इंग्रजी शिकवत असे. वीसेक वर्षांपूर्वी लोकगीतं गोळा करणारे परदेशी पाहुणे लोधीखेड्याला आले, तेव्हा दुभाष्या म्हणून मला नेलं. इंग्रजीची मला भारी ऐट! भागाबाईच्या घरी बसलो. आयुष्यभर आमच्याच संत्र्याच्या बागेत राबलेली बाई. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं — आणि जे गाणं ती कुणापुढे कधी गात नसे, तेच काढलं.

पाटलाच्या विहिरीले मोटेमोटेनं पाणी,
माही माय दूर उभी कोरडी घागर घेऊनी.

गाण्यात पुढे मायच्या कडेवर तापानं फणफणलेलं लेकरू होतं. पाटलानं हाकललं, घोटभर पाणी दिलं नाही. लेकरू गेलं. ते लेकरू म्हणजे भागाबाईचा भाऊ. आणि पाटील म्हणजे — माझे आजोबा.

पाहुण्यांनी वह्या उघडल्या. जे ऐकलं तेवढंच सांगायचं होतं हो! मी सांगितलं — नवरा दूरदेशी गेलाय, बाई विहिरीवर वाट पाहतेय. एका पाहुणीनं डोळे पुसले.

"सारं सांगतलं न, सर?" भागाबाईनं विचारलं.

"सारं," मी म्हणालो.

तिनं हात जोडले. अखेर कुणीतरी ऐकलं, असंच वाटलं असेल ना तिला?

पुस्तक निघालं. त्यात फक्त माझं इंग्रजी. भागाबाई ते येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं दाखवायची. गेल्या उन्हाळ्यात ती वारली, आणि तिची नात प्रज्ञा ते पुस्तक घेऊन माझ्याकडे आली.

"अर्थ समजते मले, सर. पण आजीचे शब्द पायजे. तुम्हीच ऐकले होते न? मले कार्यक्रमात गायचं आहे."

शब्द जिभेवर होते. एकूण एक. तरी मी काय दिलं? — पुस्तकातलंच खोटं, वऱ्हाडीत, यमकं जुळवून. माझ्यासारखा नीच माणूस मी पाहिलेला नाही.

पांढुर्ण्याला प्रज्ञानं ते गायलं. वस्तीतल्या बाया रडल्या. मग तिनं मला मंचावर बोलावलं आणि सगळ्यांसमोर माझ्या पाया पडली.

मी पाय मागे घेतले नाहीत.