प्रोजेक्टर सर

प्रोजेक्टर सर आमची स्लाइड नेहमी शेवटच्या बाकावरून बघायचे. पोरगा समोर बोलायला उभा राहिला की हे मागे जाऊन बसणार आणि तिथून ओरडणार, "मांगच्याले दिसून नाई राह्यलं रे! हे स्लाइड आय का सातबारा?" अमरावतीच्या आमच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवायचे. तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास तितकाच पगार. पण सेमिनार बसवून घ्यायला सगळी पोरं त्यांच्याकडेच जायची.

स्लाइड नुसती वाचून दाखवणाऱ्याची ते खैर ठेवत नसत. "भिंतीकडे तोंड करून काहून बोलतं बे? भिंत काय परीक्षेले बसून राह्यली?" अक्षरं एकेक उडत आली की म्हणायचे, "टोळधाड आली, पळा!" शेवटी 'धन्यवाद'ची स्लाइड दिसली की चिडायचेच. "धन्यवाद तोंडानं म्हना. तोंड कशाले देल्लं?"

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. बाप भाजी पिकवतो, माय बाजारात विकते. हे सांगायला मला तेव्हाही लाज नव्हती, आजही नाही. पण वर्गासमोर उभं राहिलं की बोबडी वळायची. सरांनी विचारलं, "तुही माय सांबार कशी इकते?" सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. मी म्हणालो, "आधी जुडी गिऱ्हाइकाच्या हातात देते, मंग भाव सांगते."

"मंग तसंच कर ना लेका. आधी चित्र दाखव, लोकाइले पाहू दे. नाव मंग सांग."

आज नोकरीत मला महिन्यातून दोनदा तरी लोकांसमोर बोलावं लागतं. मी अजून आधी जुडीच देतो.

पदवीनंतरही मी सेमिनार ऐकायला जायचो. तेव्हा लक्षात आलं, सर शेवटच्या बाकावर नसतात. एका वर्षी मधल्या बाकावर दिसले, मग दुसऱ्या बाकावर, मग अगदी पहिल्या. पोरांना वाटलं, सर मवाळ झाले. खरं तर साखरेच्या आजारानं त्यांचे डोळे जात होते. त्यांनी ते फक्त मला सांगितलं.

"कोनाले बोलू नको. अकोल्याले कायमची जागा निघाली. वयात बसतो अशी शेवटचीच. एकदा कायम झालो, मंग आंधळा झालो तरी कोनी काढत नाई. पन आधी समजलं तं घेतच नाई."

मुलाखतीत स्लाइड दाखवून पाठ घ्यायचा होता. विषय, कपाशीवरची गुलाबी बोंडअळी. सर सांगायचे आणि मी लॅपटॉपवर बनवायचो. कोणत्या चित्रामागून कोणतं येतं, कोणत्या कोपऱ्यात अळी आहे, सगळं त्यांनी पाठ केलं. सरांच्या घरच्या भिंतीवर त्यांचं बोट नेमकं अळीवर पडायला लागलं, तेव्हा आम्ही दोघं हसलो.

अकोल्यात लॅपटॉप लावून देण्यापुरतं मला आत घेतलं, नंतर दाराशी उभं केलं. सर झकास बोलत होते. परीक्षकांपैकी एकाला घाई झाली असावी. त्यानं काही न बोलता हात लांबवला आणि लॅपटॉपचं बटण भराभर दाबलं. भिंतीवर एकदम शेवटची स्लाइड आली, वेचणीला आलेलं पांढरं शेत. सर अजून अळीवरच होते. "हे पहा, बोंडात कशी शिरते," म्हणत त्यांनी बोट ठेवलं, ते शेतावरच्या रिकाम्या आभाळावर.

परीक्षक एकमेकांकडे बघायला लागले. ओरडलो असतो तर गुपित फुटलं असतं, आणि गप्प राहून ते झाकलं जात नव्हतं. मी चौकट धरून उभा राहिलो. सर शेवटपर्यंत बोलले, तोंडानं धन्यवाद म्हणाले.

परतीच्या एसटीत मी त्यांना खिडकीशी बसवलं. मग त्यांनी विचारलं, "बटन कोनं दाबलं रे?"

"एका परीक्षकानं, सर."

"आवाज आला मले. पन थांबलो असतो तं इचारा लागलं असतं, कोनतं चित्र आय म्हनून. म्हनून बोलत राह्यलो."

"सर, होईल निवड एखाद्या वेळेस..."

"नाई होत," ते म्हणाले. रागावून नव्हे, पाऊस नाही म्हणावं तसं. "कोनतं होतं भिंतीवर?"

"शेवटचं. पांढरं शेत."

"ते तं तुवाच शोधलं होतं. मले दिसलंच नाई कधी. कसं आय?"

मी सांगायला लागलो. उजवीकडे वेचणाऱ्या बाया, एकीच्या डोक्यावर गाठोडं, बांधावर निंबाचं झाड. मी भराभर बोलत होतो.

सरांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "हळू सांग रे. आता काई घाई नाई."