राखणदाराच्या दगडापाशी सुटलेली दोरी

दाजींना पोहता येत नव्हतं. घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावरून त्यांना चिडवण्यात मीच पुढं असे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. ते कुंभारवाड्याकडचे, डोंगरातले. तिकडच्या ओढ्यांत पावसाळ्यात पाय घालवत नाही आणि उन्हाळ्यात घोटाही बुडत नाही, मग माणूस पोहायला शिकणार कुठं? आम्ही मात्र काळी नदीच्या काठचे. सुपा धरण भरलं, आमचं गाव पाण्याखाली गेलं आणि आम्ही रामनगरला आलो, तोवर मी निम्मा नदीतच वाढलो होतो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी दाजी गोव्यात एका शिवणकारखान्यात होते. होड्यांची शिडं, हॉटेलांच्या कनाती, जीपची टपं असलं काम. पावसाळा आला की मालक त्यांना घरी पाठवी. मग चार महिने ते आमच्याकडं राहत; अक्का आणि त्यांची लहान मुलगी तर बारा महिने आमच्याकडंच असत. आम्हाला त्याचं काही नव्हतं, पण दाजी त्या दिवसांत ताटात दुसऱ्यांदा भात वाढून घेत नसत. अक्काला ते दिसे.

त्या वर्षी एका परदेशी माणसानं कारखान्यात फाटलेला पतंग दुरुस्तीला आणला. मालकानं त्याच्यावरून नवा शिवायचं ठरवलं आणि ते काम दाजींना दिलं. पतंग म्हणजे आमच्या गोठ्याच्या छपराएवढा. चंद्रकोरीसारखा. त्याची पुढची कड मांडीएवढी जाड, आत रबराची लांब ट्यूब. तशाच बारीक ट्यूबा आडव्या, बरगड्यांसारख्या. पंपानं हवा भरली की तो ताठ उभा राहायचा. माणसानं कमरेला पट्टा बांधायचा, पट्ट्याच्या आकड्यात दांडी अडकवायची, दांडीच्या दोन्ही टोकांना पतंगाच्या लांब दोऱ्या. पाय फळीवर. जमिनीवर चाकांची फळी, पाण्यात साधी. वारा पतंगाला ओढणार आणि पतंग माणसाला. पाण्यात पडला तर आतल्या हवेमुळं तो तरंगायला हवा आणि तिथूनच परत उडायला हवा.

मालकानं दाजींना सांगितलं होतं, दोन्हीकडं चालला तर पुढचे सगळे पतंग तुझ्या हातचे आणि बारा महिन्यांची नोकरी. मात्र किनाऱ्यावर चारचौघांत त्याला तो पडताना दाखवायचा नव्हता. दाजी म्हणाले, आमच्याकडं मे महिन्यात धरणाचं पाणी मागं हटतं, मैदान आणि पाणी शेजारी शेजारी मिळतं, आणि बघायला म्हशीसुद्धा नसतात.

ते मैदान म्हणजे आमचीच बुडालेली शेतं. पाणी ओसरलं की भेगाळलेला गाळ वर येतो, झाडांची काळी खुंटं आणि बांधांच्या ओळी दिसतात. आमच्या शेताच्या कोपऱ्यावर राखणदाराचा दगड आहे. शेत, गुरं, माणसं सांभाळणारा देव. उठून गेलेली घरं दर मे महिन्यात तिथं येतात, दगडावरचा गाळ धुतात, नारळ फोडतात. त्या बांधावर कुणी चपला घालून चढत नाही. शेत बुडालं तरी ही रीत बुडाली नाही.

आम्ही गेलो त्या दुपारी अक्का डबा घेऊन बरोबर होती. दाजींनी पंप मारून पतंग भरला, एकेका शिवणीवरून अंगठा फिरवला. पंप मी घेतला तेव्हा ते अक्काला म्हणाले, "तुझ्या भावाला बघ. सायकलीत हवा भरताना असा घाम न्हाई गाळत."

"त्याला तुमची काळजी हाय म्हणून," अक्का म्हणाली.

"काळजी कसली? मी बुडलो तर चिडवायला कोण उरणार न्हाई, एवढंच."

ठरलं असं होतं की जमिनीवरची चाचणी दाजी करणार आणि पाण्यातली मी. दाजींच्या पट्ट्याला मागून एक वेगळी दोरी बांधली होती. ती धरून मी मागं पळायचं. ते पाण्याकडं ओढले जायला लागले की पाय रोवून थांबवायचं.

"दोरी सोडायची न्हाई, मेव्हणं," ते म्हणाले. "मी बोंबललो तरी सोडायची न्हाई."

"न्हाई सोडत, दाजी."

"वारं येऊलंय," म्हणत त्यांनी दांडी ओढली.

पतंग उठला तेव्हा कापडाचा असा आवाज झाला की अक्का दोन पावलं मागं सरली. दाजी फळीवर उभे राहिले आणि चाकं गाळावरून खडखडत निघाली. पहिली फेरी चांगली झाली. दुसरीही. ते हसत होते, मी मागं धापा टाकत होतो. तिसऱ्या खेपेला वारा वाढला. मला नुसतं पळवत नेत होता. समोर आमचा बांध आला आणि बांधावर तो दगड.

मी थांबलो. विचार केला असं म्हणता येणार नाही. डाव्या पायातली चप्पल झटकली, उजवीचा पट्टा अंगठ्यात अडकला. तो काढायला मी खाली वाकलो, एक हात दोरीवरून सुटला आणि दुसऱ्या हातातून दोरी सरसरत निघून गेली. तळहात सोलला, ते नंतर कळलं.

दाजींची फळी एका खुंटाला आपटली. ते खाली पडले, पण आकडा सुटला नाही. पतंगानं त्यांना गाळावरून ओढत पाण्यात नेलं आणि मग स्वतःच पाण्यावर आडवा झाला. तिथं काठ लगेच तुटतो, खाली नदीचं जुनं पात्र आहे. मला ते माहीत होतं. दाजींचं डोकं एकदा दिसलं, मग दिसलं नाही.

अक्का काठाकडं पळत सुटली.

मी उडी मारली. पोहत असताना डोक्यात एकच होतं, अक्काला काय सांगू? चप्पल काढत होतो म्हणून? वर पाहिलं तर पतंग पालथा पडून पाण्यावर होडीसारखा तरंगत होता आणि त्याच्या जाड कडेला दाजी लटकलेले. दोऱ्या हातावर हात टाकत ओढून ते तिथवर पोचले होते. दोन्ही दंडांनी त्यांनी ती ट्यूब कवटाळली होती आणि खोकत होते.

मी जवळ गेलो तसे म्हणाले, "दोऱ्यांत पाय अडकवू नगंस. लांबनं ये."

"दाजी, माझ्यामुळं..."

"आधी शिवण बघ. ह्या बाजूची. हवा जाऊलीय काय?"

मी ओल्या शिवणीवर कान लावला. कुठं फुसफुस नव्हती. खुंटाला घासून वरचं कापड थोडं फाटलं होतं, आतली ट्यूब शाबूत होती. पतंगाच्या आधारानं पाय मारत मी त्यांना काठाला आणलं.

अक्कानं त्यांचं डोकं पदरानं पुसलं. मग मला विचारलं, "दोरी का सोडलास?"

मी दगडाकडं बोट केलं. एक चप्पल तिथं उलटी पडली होती, दुसरी पाण्यात गेली होती. अक्कानं तिकडं पाहिलं. मला वाटलं, आता बोलेल. पण तिनं डबा उघडला, भाकरीवर सुकटाची चटणी घातली आणि पहिली माझ्या हातात दिली. सोललेल्या तळहातानं ती धरवेना, तेव्हा तिनं घास करून दिला. तो घास मी विसरलेलो नाही.

जेवल्यावर दाजींनी फाटलेल्या जागी टाका घातला आणि मला म्हणाले, "चला, आता तुमची पाळी." एवढं झाल्यावरही माझ्यावर त्यांनी पतंग सोपवला. मी पाण्यात उतरलो, दोनदा पडलो, दोन्ही वेळा पतंग पाण्यावरून उठला. तिसऱ्यांदा फळीवर क्षणभर उभाही राहिलो.

मालकानं विचारलं, पाण्यात कसा आहे? दाजींनी सांगितलं, "मी स्वतः धरून बघितलाय." पुढच्या पावसाळ्यात ते आमच्याकडं राहायला आले नाहीत. अक्का आणि मुलगीही गोव्याला गेली. घर रिकामं वाटलं, पण तसं वाटण्यातही बरं वाटत होतं.

मी अजून अधूनमधून मनानं त्या दोरीपाशी जातो. दाजी दोऱ्या ओढून घ्यायला विसरले असते तर, पतंग दुसरीकडं पडला असता तर. आव्वा, म्हणजे माझी आई, असेपर्यंत सांगत राहिली की चपला काढल्यास म्हणूनच राखणदारानं तारलं. दाजी म्हणतात, दुहेरी शिवण मारली होती म्हणून. मला यातलं एक निवडता येत नाही आणि आता निवडायचंही नाही.

दर मे महिन्यात आम्ही तिघं नारळ घेऊन जातो. गाडीतून उतरायच्या आधी दाजी मागं वळून बघतात. "मेव्हणं, चपला गाडीतच." मी काढून ठेवतो. गाळ तापलेला असतो, पाय भाजतात, आणि मी दगडापर्यंत त्यांचा हात धरून चालतो.