रविवारची सरळ रेघ

आमच्या कम्युनिकेशन लॅबमध्ये कल्याण सरांचा रविवार सोमवारी दुपारपर्यंत चालतो. घोडेगावला आईकडे जाऊन आले, की शेंगोळी, मासवडी आणि वर आईचं हसणं, यांचं वर्णन थांबतच नाही. माझं टेबल शेजारीच, त्यामुळे त्यांच्या आईची, बनुबाईंची, मासवडी न खाताच मी तिला कंटाळले आहे.

सरांचे वडील गेल्यापासून बनुबाई गावी एकट्या राहतात. नगरला आणा त्यांना, असं मी कितीदा सांगितलं. सर हात झटकत.

"सुचित्रा मॅडम, आई मजेत आहे. दर रविवारी डोळ्यांनी बघतो ना! फोनवरही बरं हाय म्हणते."

एवढा हुशार माणूस, पण या बाबतीत ऐकायचा नाही. शेवटी मी नाद सोडला.

शिकवायला मात्र सर फार छान. पुस्तकातलं उत्तर दिलं की त्यांचा पारा चढतो. "रोजच्या जगण्यातलं उदाहरण दे," म्हणतात.

त्या मंगळवारी सॅम्पलिंगचं प्रॅक्टिकल होतं. चालू लाट सलग न पाहता ठरावीक वेळाने तिचे नमुने घ्यायचे आणि त्यांच्यावरून ती लाट पुन्हा उभी करायची, एवढाच प्रकार. पण दिशा नावाच्या विद्यार्थिनीच्या पडद्यावर लाट येईना, नुसती आडवी रेघ. तिने वायरी काढून घातल्या, किटला चापट्या मारल्या. रेघ हलेना.

सर तर खूशच झाले. पोरीने चुकून लाटेचा आणि नमुन्यांचा वेग एकच ठेवला होता, म्हणजे एका लाटेत एकच नमुना.

"काही बिघडलेलं नाही. आत लाट चालूच आहे. मग रेघ का? उदाहरण दे."

दिशाने डोकं खाजवलं. "सर, तुम्ही दर रविवारी घरी जाता. आई हसताना दिसतात. पुढच्या रविवारी परत हसताना. तेवढंच जोडलं तर त्या आठवडाभर हसतात असं वाटणार. मधल्या दिवसांत काय होतं ते तुम्हाला दिसतच नाही."

मुलं हसली, मीही हसले. सर हसले नाहीत.

"बरोबर. मग किती नमुने घ्यायचे?"

"एका लाटेत दोनाहून जास्त, सर."

"बरोबर," म्हणत सर पेन शोधायला लागले. पेन हातातच होतं.

बुधवारी ते अर्धी रजा टाकून घोडेगावला गेले. गुरुवारी चहाला त्यांनी स्वतःच सांगितलं. बनुबाई आत बसून कालची भाकरी पाण्यात भिजवून खात होत्या. गुडघ्याला फडकं बांधलेलं.

"आरं, आज रईवार हाय व्हय?" त्या गडबडून उठायला लागल्या.

"नाही आई, बस तू."

"एकटीसाठी कुठं सैपाक करायचा? तू यायचा आसला की करते की समदं."

"फार वाईट वाटलं, मॅडम," सर म्हणाले. "नगरला चल म्हटलं, तर म्हणते, तिथं काय भिंती बघत बसू?"

सुनावण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं, पण मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. मलाही वाईट वाटलं होतं.

सरांनी दिशाचा नियम घरी लावला. आठवड्याची एक लाट, दोनाहून जास्त म्हणजे तीन फेऱ्या. पहिल्याच आठवड्यात रविवार झाला, मंगळवार झाला. शुक्रवारी मोटरसायकल पुन्हा दारात दिसली, तशी बनुबाईंनी शेजारपाजारी कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं आणि हळूच विचारलं,

"खरं सांग, नोकरी गेली का रं?"