बोटीच्या पुढच्या फळीवर

मला स्वस्थ बसता येत नाही. छतावरचा पंखा कुरकुरला की मी स्टूल ओढते, नळ ठिबकला की पाना शोधते. अंबरनाथच्या कारखान्यात मशीन दुरुस्तीच्या विभागात आहे, म्हणून लोक समजून घेतात. नवरा मात्र म्हणतो, "तुझ्या अंगात किडे आहेत." असतील. पण मागच्या पुरापासून ते जास्तच वळवळायला लागले आणि त्याला कारण माझे सासरे.

बदलापूरच्या बेलवलीत आमचं बैठं घर आहे. आजूबाजूला इमारती उभ्या राहिल्या, शेतं गेली, पण सासऱ्यांनी घर काही सोडलं नाही. उल्हास नदी फुगली की आमची गल्ली तिचीच. मागच्या पुरात गल्लीतल्या गणपती मंडळाची बोट आम्हाला न्यायला निघाली आणि कोपऱ्यावरच बुडालेल्या कंपाऊंडला इंजिन आपटून बंद पडली. मग मंडळातले दोन दांडगे गडी छातीभर पाण्यातून आले आणि सासऱ्यांना पाठुंगळीला घ्यायला वाकले.

"मी काय मिठाची गोण हाय?" सासरे कडाडले. "नाय येणार. तुमी जावा."

त्यांना सोडून आम्ही कसले जातोय! तिघंही माळ्यावर चढून बसलो. पाणी माळ्याखाली हातभर अंतरावर थांबलं. सासरे शांतपणे तंबाखू मळत होते आणि मी त्या हातभर जागेकडे बघत होते. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. पुन्हा पूर आला आणि हे पुन्हा नाही म्हणाले, तर? हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या डोक्यात घरघरत राहिला.

माणसाला बदलणं मला जमत नाही, मशीनला बदलणं जमतं. मी मंडळाची बोट ताब्यात घेतली. बोट भरवशाची झाली की बाबा आपसूक बसतील, असं मी स्वतःला पटवलं.

सपाट बुडाची फायबरची बोट, विसर्जनासाठी घेतलेली. मागच्या फळीला लटकवायचं इंजिन सेकंडहँड. मंडळाने त्याला पाण्यात फिरणारा सगळ्यात वेगवान पंखा लावला होता, का, तर विसर्जनाला बोट सुसाट गेली पाहिजे आणि व्हिडिओ चांगला आला पाहिजे. एक मूर्ती आणि दोन माणसं असताना ती जायचीही सुसाट. सहा माणसं भरली की इंजिन धापा टाकायचं. शिवाय ते इतकं खाली बसवलेलं की पाण्याखालचं प्रत्येक कंपाऊंड आणि प्रत्येक स्कूटर त्याला लागणार.

मी इंजिन वर उचललं. जास्तच उचललं. पंखा पाण्याऐवजी हवा खेचायला लागला, इंजिन किंचाळलं आणि बोट जागची हलेना. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धारही बारीक झाली. खाली घेतलं तर आपटणार, वर घेतलं तर हवा खाणार. आठवडाभर मी जेवताना ताटात चमच्याने बोटी काढत होते.

उपाय होता इंजिन मागे सरकवण्याचा. बोटीच्या बुडाखालून सुटलेलं पाणी मागे गेल्यावर थोडं वर उठतं, त्यामुळे वीतभर मागे बसलेलं इंजिन उंच ठेवलं तरी पंख्याला पाणी पुरतं. त्यासाठी मधे बसवायचा अॅल्युमिनियमचा जाड ब्रॅकेट मी उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधून करून घेतला. वर्कशॉपचे सिंधी मालक माझं ड्रॉइंग उलटसुलट करत म्हणाले, "मॅडम, बदलापूर में समंदर कब आया?"

"हर बारिश में आता है," मी म्हटलं. ते हसले. मला हसू आलं नाही.

वेगाचा पंखा काढून चार पात्यांचा, कमी पिचचा बसवला. चढावर सायकलचा हलका गिअर टाकावा तसा. एका फेऱ्यात कमी पुढे जातो, पण ओझं घेऊन जातो.

चाचणी उन्हाळ्याच्या शेवटी, नदीच्या डोहात. सासरे काठावर खुर्ची टाकून बसले होते, नावं ठेवायला. मी एकटीच बोटीत होते. इंजिन सुरू केलं, वेग दिला आणि बोटीचं पुढचं टोक घोड्यासारखं वर उठलं. समोरचं काही दिसेना. इंजिन मागे सरकलं, तसं वजनही मागे गेलं होतं. पुढे पाण्याचे कॅन ठेवून पाहिले, ते गडगडत माझ्याच पायाशी आले.

"मागून बुडते, पुढून उडते!" काठावरून सासरे ओरडले. "चांगली केलीस!"

माझं टाळकंच सरकलं. "बाबा, बडबड पुरे! या आणि पुढच्या फळीवर बसा. मला तिथे वजन पाहिजे."

"किती?"

"तुमच्याएवढं!"

ते उठले, लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडला, कुणाचा हात न घेता बोटीत चढले आणि पुढच्या फळीवर मांडी ठोकून बसले. बोट सपाट झाली. प्रवाहाविरुद्ध आम्ही सरळ, न डगमगता गेलो. सासऱ्यांनी मागे वळून पाहिलं तर त्यांच्या तोंडभर हसू होतं. कितीतरी वर्षांत या माणसाला कुणी 'तुम्ही पाहिजे' असं म्हणालंच नव्हतं. मीसुद्धा म्हणाले ते रागाच्या भरात.

श्रावणात पाणी आलं, भर दुपारी. मी मंडळाच्या शेडमधून बोट घेऊन घरापाशी पोचले. दारात नवरा पिशव्या घेऊन उभा होता. सासरे पायरीवर, कमरेभर पाण्यात, लाइफ जॅकेट घालून तयार.

"उशीर केलास," म्हणाले आणि पुढच्या फळीवर जाऊन बसले.

शेजारच्या म्हाताऱ्या आजी घाबरून रडत होत्या. "चल गं, बस. मी हाय ना पुढं," सासऱ्यांनी त्यांना हात दिला. गल्लीतले आणखी काही जण चढले आणि बोट भरली. इतकी माणसं बसल्यावर पुढे वेगळ्या वजनाची गरज नव्हती. पण हे मी बोलले नाही. मला फक्त त्यांना एकदा सुक्या जमिनीवर उतरवायचं होतं.

चढावरच्या शाळेपाशी सगळे उतरले. नवरा आजींना घेऊन आत गेला. सासरे जागचे हलेनात.

"बाबा, उतरा. मला दुसऱ्या फेरीला जायचंय."

"जा की."

"उतरा आधी!" माझा आवाज चिरकला.

त्यांनी मागे वळून रिकाम्या बोटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "परत जाताना तू एकटी मागं. पुढं वजन कोण ठेवणार?"

मी इंजिन सुरू केलं.