तिरफळाची जपानी बहीण

प्रणिता तांडेल डोळे मिटून बसली आहे खरी, पण झोप काही लागत नाही, आणि जाग म्हणावी तर तीही धड नाही. दुपारचं जेवण झालंय, प्रयोगशाळेतला पंखा कुरकुरतोय, आणि तिचा उजवा पाय एकसारखा हलतोय. थोड्या वेळाने मालक येतील. शिरगोपीकर कधी आवाज चढवत नाहीत, म्हणूनच त्यांची जास्त धास्ती. सकाळी ते एवढंच म्हणाले, "आज जमलं नाही, तर हे अत्तर मी दुसऱ्याकडे देतो, प्रणिता."

गिऱ्हाइकाला हवीय समुद्राकाठची सकाळ, आणि तिच्यात जपानी मिरी. सांशो म्हणतात तिला. कोकणात माशाच्या कालवणात घालतात त्या आपल्या तिरफळाची बहीणच म्हणा ना. लिंबाची साल, चुरगळलेलं हिरवं पान, आणि मागून नाकात हलक्या मुंग्या. सगळ्या जगाला हा असा वास येतो. वेंगुर्ल्याच्या प्रणिताला मात्र येतो बांगड्याच्या कालवणाचा, आईच्या हातच्या निस्त्याकाचा. आता काय करायचं सांगा. ती बिचारी दर खेपेला मिरी थोडी कमी करते, आणि शिरगोपीकर दर खेपेला विचारतात, मिरी गेली कुठे?

नाकाशी धरलेली कागदाची पट्टी तिच्या हातातून गळते. उचलायला ती वाकते, तर खाली फरशी नाहीच, ओली वाळू आहे. मान वर करते तर टेबलापलीकडे आई. बाटल्यांच्या मधोमध विळी मांडून नारळ खवतेय.

आई गेल्या शिमग्यात गेली. हे प्रणिताला स्वप्नातही पक्कं ठाऊक आहे, म्हणून ती जपूनच विचारते, "आये, तू इथे कशी?"

"वासार इलंय. मी मेलंय, नाक नाय मेला. काय शिजयतंस?"

"अत्तर."

"खोटा बोलू नको."

"आये, मालक येतायत. ती मिरी घातली की मला मासाच येतो. सगळं करून बघितलं."

"काय काय घातलंस ता सांग."

प्रणिता बाटल्या पुढे सरकवायला जाते, तर त्या टोपल्या झाल्यात, बर्फ गळणाऱ्या, आणि दोघी मासळी बाजारातून चालल्यात. आई पुढे, पदर खोचलेला, चाल तीच झपाझप. प्रणिताला तिला गाठताच येत नाही. ती मागूनच सांगत सुटते, "समुद्र म्हणून खारं घातलंय. कोकमाचा आंबटपणा घातलाय. आणि तळाला नारळाचं दूध, मऊपणा यावा म्हणून."

आई थांबते, वळते आणि पोट धरून हसायला लागते. "खारा घातलंस, सोला घातलंस, नारळाचो रस घातलंस, वर तिरफळा. आणि मगे इचारतंस, मासो खंयसून इलो? चेडवा, माझाच निस्त्याक केलंस गो. बांगडो तेवढो घालूचो रवलो."

प्रणिता हसत नाही. हसू येतच नाही, कारण आता समोर वेंगुर्ल्याचं एस.टी. स्टँड आहे, गाडी लागलीय, आणि आईच्या हातात पिशवी आहे.

"मी मुद्दाम नाही केलं."

"मुद्दाम कोण म्हणता? याद इली, हात गेलो." आई तिच्या गालावरून हात फिरवते. "नारळ काढ त्यातलो."

"काढला तर तुझा वास जाईल."

"जांवदे. मी काय बाटलेत रवतलंय? घरात तिरफळाची बरणी आसा ना? तिचा झाकण उघड. बाजारातसून बांगडे हाड, शिजव, पोटभर जेव."

ती बरणी प्रणिताने शिमग्यापासून उघडलेली नाही. हे आईला कोणी सांगितलं, देव जाणे.

"थांब ना जरा, आये. मागून दुसरी गाडी येईल."

"माझी हीच." आई पिशवीतून एक तिरफळ काढते, नखाने आतली काळी बी उडवते आणि नुसती साल प्रणिताच्या ओठांत कोंबते. "चाव."

ती चावते. जीभ झिणझिणते, आणि कंडक्टर घंटी मारतो.

"प्रणिता?" दारात शिरगोपीकर उभे आहेत.

"थोडा वेळ द्या," ती कशीबशी म्हणते. नारळ वगळून ती सगळं नव्याने जुळवते, मिरी हात न आखडता घालते, आणि पट्टी बुडवून त्यांच्या हातात देते. ते बराच वेळ हुंगतात. "ही मिरी," ते म्हणतात. "हीच हवी होती."

मग ती स्वतः पट्टी नाकाशी धरते. लिंबाची साल. हिरवं पान. मासा नाही. आई नाही. तिला रडू आवरत नाही.

"अहो, झालं काय? चांगलं जमलंय की."

प्रणिता डोळे पुसते. "साहेब, मासळी बाजार संध्याकाळी उघडा असतो ना?" एवढं विचारतानाही तिची जीभ अडखळते. टेबलावर तिरफळ नाही, मिरीचं तेल बाटलीत बंद आहे, आणि जिभेच्या शेंड्याला अजून मुंग्या येतायत.