अकरा लोखंडी टोप

किस्से काही ठरवून जमवता येत नाहीत. आमच्या मंडळात ते लोखंडी टोपांसारखे एकात एक रचलेले असतात. एक ओढला की चार खणखणत खाली येतात!

छत्तीसगड वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं, तेव्हा तात्यापाऱ्यातल्या आमच्या मराठी मंडळालाही काही भव्य करावंसं वाटलं. ठरलं, दरवर्षी मैदानावर मावळ्यांची लढाई करायची. मी इतिहासाचा निवृत्त प्राध्यापक, म्हणून मावळ्यांच्या डोक्यावरचे टोप निवडायचं काम माझ्याकडे आलं. निवृत्तीनंतर 'सर' म्हणून काही विचारणारी एवढीच माणसं उरली होती. भीत भीत हो म्हणालो.

*

मी टोपांची पाच चित्रं काढली आणि प्रत्येकाखाली लिहिलं, 'बहुधा असा.' टोप बनवणार होते बीरगांवचे वेल्डर दिनेशभैया. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"सर, बहुधा तो ठीक है, पर लोहे की चादर कितने एमएम की लगाऊं?"

चार दिवस पुस्तकं चाळली. एकाही इतिहासकाराने एमएम दिलेले नाहीत!

*

टोप झाले अकरा, सैनिक तीस. मग प्रथाच पडली: जो लढाईत पडेल त्याने आपला टोप मागच्याला द्यायचा. रेल्वेतून निवृत्त झालेले भाऊराव दरवर्षी पहिल्याच मिनिटाला पडत.

"भाऊराव, काहून इतक्या लवकर मरता?"

"टोप तापून राहिला न सर! मेलं की काढता येते."

*

सुनंदाताई आमच्या सरदार. टोप काही त्यांच्या अंबाड्यावर बसेना.

"सर, अंबाडा सोडू की लढाई?"

"संदर्भ पाहून सांगतो," मी म्हणालो.

मी पाहून परत येईपर्यंत त्या लढाई जिंकून चहा पीत होत्या! मला हसल्या खूप, पण पुढच्या वर्षी विचारायला पुन्हा माझ्याकडेच आल्या. हे उपकार मी विसरत नाही.

*

सातव्या वर्षी तालमीच्या आधी एका जुन्या ग्रंथात वाचलं, की साध्या पायदळाच्या डोक्याला लोखंडी टोप क्वचितच असे, बहुतेकांचं मुंडासंच. दोन दिवस जेवण गेलं नाही. शेवटी तालमीला जमलेल्या सगळ्यांना बसवून सांगितलं, "टोप चुकले. माझंच चुकलं. यापुढे दुसऱ्या कुणाला विचारत जा."

दिनेशभैया आपण ठोकलेल्या अकरा टोपांकडे पाहत राहिले. मग भाऊराव उठले.

"म्हणजे सर, मी सहा वर्षं चुकीच्या टोपात मेलो?"

"हो," मी मान खाली घातली.

भाऊरावांनी आपला टोप काढून बाजूला ठेवला आणि डोक्यावरून हात फिरवला.

"मग ती मरणं धरू नका. पंडरीच्या कापडबाजारात चला, मुंडाशाचं कापड तुम्हीच निवडून द्या. यंदा पहिल्यापासून मरतो!"