नेत्राच्या ॲडमिशनला गेलेली आई

एकोणीसशे नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात जुन्या हुबळीतल्या एका गल्लीला नेत्राच्या नोकरीची काळजी लागली होती. नेत्राची नुकती पी.यू.सी., म्हणजे तिथली बारावी, झाली होती, मार्कही चांगले पडले होते. आता कुठली लाइन घेतली म्हणजे पोरीला हमखास नोकरी लागेल, यावर कुणाचं एकमत होईना. तिचे वडील मुकुंदराव कोर्टात शिरस्तेदार होते. सकाळी ते कॉम्प्युटरच्या बाजूचे असत आणि संध्याकाळी फार्मसीच्या, कारण दिवसभरात त्यांना आणखी कुणीतरी शहाणं भेटलेलं असे.

खरी पायपीट केली ती नेत्राच्या आईनं, शालिनीनं. तिचं वय एकोणचाळीस. तीही सायन्स घेऊन पी.यू.सी. झालेली, पुढं स्थळ चालून आलं आणि पुस्तकं माळ्यावर गेली. त्याबद्दल तिनं कधी तक्रार केली नव्हती. पण लेकीसाठी चौकशी करत कॉलेजं पालथी घालताना तिच्या अंगात काहीतरी संचारलं. ती मुलीच्या पुढं चार पावलं चाले, नोटीस बोर्ड नाक टेकवून वाची, आणि घरी आल्यावर भाजी चिरता चिरता मुकुंदरावांना सगळं समजावून सांगे. नेत्राचं मात्र केव्हाच ठरलं होतं. तिला इलेक्ट्रॉनिक्स घ्यायचं होतं. पण आई एवढी रंगलेली पाहून तिला ते बोलवेना.

असंच एक दिवस दोघी धारवाडच्या एका कॉलेजात गेल्या. संख्याशास्त्राच्या विभागात हिरेमठ सर एकटेच बसले होते. त्यांच्या विषयाकडं पोरं फिरकत नसत, त्यामुळं कुणी आलं की त्यांना भरून येई. त्यांनी दोघींना बसवलं आणि विमा कंपन्यांचं उदाहरण घेऊन बोलायला लागले. या गावातली हजार माणसं घेतली, तर येत्या वर्षात त्यातली साधारण किती दगावतील ते कंपनी सांगू शकते, कोण दगावेल ते मात्र ब्रह्मदेवही सांगू शकत नाही. आणि सगळा धंदा त्या 'किती'वर चालतो. विमा, बँका, औषध कंपन्या, बियाणांच्या कंपन्या, सगळ्यांना पुढं अशी माणसं लागणार आहेत, असं ते म्हणाले.

नेत्रा खिडकीबाहेर बघत होती. शालिनी खुर्चीच्या टोकावर आली होती. मग पाऊस किती पडेल तेही असंच काढतात का? एखादं औषध लागू पडलं की रोगी आपोआप बरा झाला, हे कसं ओळखतात? हजारच माणसं का, शंभर घेतली तर चालतं का? तिचे प्रश्न संपेनात. शिपायानं आणलेला चहा गार होऊन गेला. शेवटी सरांनी आईकडं पाहिलं, मुलीकडं पाहिलं आणि शांतपणे कानडीत विचारलं, ॲडमिशन नक्की कुणाला हवीय?

"अक्का, ॲडमिशन यारिगे?"

"नन्गे," शालिनी म्हणाली. मला.

तोंडातून शब्द गेला आणि तिची तीच दचकली. नेत्रानं झटकन मान वळवली. सर मात्र हसले नाहीत. पी.यू.सी.ची मार्कलिस्ट आहे ना, एवढंच त्यांनी विचारलं.

परतीच्या बसमध्ये दोघी बसल्या, वाटेतलं रायापूर आलं. मग नेत्राच्या तोंडून फिस्सकन हसू फुटलं, आणि आईचंही. हसू आवरायला एकीनं पदर तोंडात कोंबावा, तर दुसरी ओढणी कोंबे, आणि एकमेकींकडं पाहिलं की पुन्हा सुरू. कंडक्टर दोनदा येऊन तसाच परत गेला. त्या भरात नेत्रानं आपलं इलेक्ट्रॉनिक्सचंही सांगून टाकलं. हुबळीतला आपला स्टॉप मागं पडला तेव्हा कुठं त्या भानावर आल्या आणि पुढच्या स्टॉपवरून मागं चालत आल्या.

मुकुंदरावांनी सगळं ऐकून घेतलं.

"आणि याला स्कोप आहे?" त्यांनी विचारलं.

"हजारात किती ते सांगता येईल," शालिनी म्हणाली. "मीच त्यात असेन का, ते नाही."

मुकुंदराव उठले, स्टूल घेतलं आणि माळ्यावर चढून मार्कलिस्ट शोधायला लागले.

त्यानंतरची तीन वर्षं घरात कुणाला उसंत नव्हती. वर्गातली पोरं पहिल्यांदा शालिनीला बाई समजून उठून उभी राहिली. महिन्याभरात तीच 'अक्का, नोट्स' म्हणून मागं लागली. पहिल्या सहामाहीत गणितात ती सपशेल आपटली. तेव्हा नेत्रानं रोज संध्याकाळी तिला समोर बसवून इंटिग्रेशन शिकवलं, चुकलं की रागावलीसुद्धा. मुकुंदराव उप्पीट करायला शिकले. ते चांगलं होत नसे, पण परीक्षेच्या दिवसांत तक्रार करायला वेळ कुणाला होता?

निकाल लागला आणि पहिला अडसर आला तो वयाचा. सरकारी जाहिरातींत ती कुठंच बसेना. बँकांनीही हात वर केले. शेवटी रायापूरजवळ बियाणांची एक लहान कंपनी होती, तिथं प्रयोगाच्या वाफ्यांची आकडेमोड करायला माणूस हवं होतं. मुलाखतीला धाकट्या भावाच्या वयाचा साहेब होता. शिक्षणात मध्ये एवढ्या वर्षांचा खंड कसा पडला, असं त्यानं विचारलं. शालिनीनं सांगितलं की ती या विषयाकडं चुकून आली, मुलीच्या ॲडमिशनची चौकशी करायला गेली होती. साहेब इतका हसला की पुढचे प्रश्न विचारायचे राहून गेले. मग त्यानं वाफ्यांचे आकडे पुढं ठेवले आणि ती तासभर मान खाली घालून बसली. दुसऱ्या आठवड्यात नोकरी पक्की झाली. नेत्राचं इंजिनिअरिंग तेव्हा अजून एक वर्ष उरलं होतं.

पुढं ती तिथं चौदा वर्षं टिकली. पण पहिल्या दिवशी सकाळी मुकुंदराव तिला बसपर्यंत सोडायला आले, डबा हातात दिला आणि कंडक्टरला दोनदा बजावलं की यांना रायापूरला उतरायचंय, कामाला जातायत. बस निम्मी रिकामी होती. हव्या तेवढ्या जागा होत्या, पण शालिनीला काही बसवेना. दांडी धरून ती उभ्यानंच गेली.